लिफ्टच्या आधी मेजरिंग टेप काढा

उचललेली गाडी टेकवायच्या जॅकस्टँडबद्दल लिहिलं होतं मागे, त्यानंतर अर्ध्या पत्रांत एकच विषय, घरच्या गॅरेजात छोटी सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या भुजांनी गाडी खालून उचलणारी, घेऊ का. मग यावेळी तेवढेच प्रश्न घेतो.

प्रश्न: दादा, माझ्याकडे एक हॅचबॅक आणि एक उंच एसयूव्ही आहे. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शनची कामं घरीच करतो, पण गाडीखाली सरपटून आता मान धरते. १२०० मिमी उचलणारी ३ टनाची पोर्टेबल सिझर लिफ्ट बघून ठेवलीय, छत ९ फूट आहे. ३ टन पुरतील ना?

टनाचं सोडा हो, ते पुरतंय. मशीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच आकडा असतो म्हणून सगळे आधी तोच विचारतात. हॅचबॅक हजार-अकराशे किलोच्या आसपास, एसयूव्ही साधारण दोन-सव्वादोन टन, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नेमका आकडा बघा, डिकीतलं सामान त्यात धरा आणि विषय संपला.

खरा घोळ छताचा आहे. बरेच जण गाडीची उंची अधिक लिफ्टची उंची अशी बेरीज करतात आणि उगाच घाबरतात, कारण गाडीचा जॅकिंग पॉइंट, म्हणजे जिथे टेकवून गाडी उचलायची ती जागा, जमिनीवर थोडाच असतो, तो आधीच वर असतो, मग तेवढं वजा करायला नको का? तुमची हॅचबॅक १५०० मिमी उंच आणि जॅकिंग पॉइंट २०० वर धरला तर १५०० अधिक १२०० वजा २००, म्हणजे टप २५०० वर. ९ फूट म्हणजे साधारण २७४० मिमी, तर वीतभर जागा उरली, छान. एसयूव्ही १८०० उंच, पॉइंट ३०० वर, तर टप २७०० वर जाणार आणि वर उरले ४ सेंटीमीटर. त्यात लिफ्ट आणि गाडीच्या मधे रबरी ब्लॉक लावले की जेवढी त्यांची जाडी तेवढी गाडी आणखी वर, आणि वर ट्यूबलाइट असेल तर झालंच. म्हणजे एसयूव्ही तुम्ही पूर्ण उचलणार नाही, मधल्या लॉकवर, म्हणजे गाडी त्या उंचीवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी खटक्यावर, थांबवणार. चालतंय की, फक्त ते आधी माहीत पाहिजे आणि मधले लॉक किती-किती अंतरावर आहेत तेही विचारा.

आणि ही बेरीज बंद गाडीची झाली. बॉनेट उघडल्यावर किती वर जातं, डिकीचं दार किती, शटर गुंडाळल्यावर खाली किती येतं, हे सगळं टेपने मोजा. मी स्वतः हे मोजलं नव्हतं म्हणून सांगतोय. डिकीचं दार उघडं ठेवून बटण दाबलं, डोळे सगळे चाकांकडे, आणि वरून करर्र आवाज आला तेव्हा दाराची कड शटरच्या गुंडाळीत घुसली होती. पत्रा नीट झाला, रंग अजून वेगळा दिसतो.

आता तुमच्या कामांकडे. ब्रेक, टायर, शॉक अॅब्सॉर्बर, लिंक, बुश यांच्यासाठी ही लिफ्ट एकदम झकास, चारही चाकं मोकळी लटकतात. पण सिझर लिफ्ट गाडीच्या पोटाखालीच बसते, त्यामुळे मधला भाग तीच अडवते. ऑइलचा बोल्ट बहुतेक पुढे असतो तेव्हा तिथे हात पोचतो, पण गिअरबॉक्स उतरवायचा, सायलेन्सरची पूर्ण लाइन बदलायची असली कामं मनात असतील तर मधे मोकळी असलेली, दोन वेगळ्या प्लॅटफॉर्मची लिफ्ट बघा. बरं, १२०० वर गाडी गेली तरी तुम्ही खाली उभे राहणार नाही, चाकाच्या स्टुलावर बसून काम करणार. उभं राहून काम करायचं तर १८०० च्या आसपास उचलणारी लागते आणि तुमच्या छताखाली ती शोभेला राहील.

मिटल्यावर लिफ्ट किती उंच राहते तेही बघा, या साइजच्या बऱ्याच लिफ्ट १००-११५ मिमीच्या असतात. गाडी लिफ्टवर चढताना खालचा बंपर किंवा इंजिनगार्ड घासायला नको. घासत असेल तर चाकांखाली जाड फळ्या टाकून गाडी चढवता येते. पण फार चपट्या लिफ्टच्या मोहात पडू नका. सिझरच्या भुजा जेवढ्या आडव्या तेवढा सुरुवातीला जोर जास्त लागतो. सिलिंडर आडवा आहे असं धरून साधं गणित केलं तर भुजा ४५ अंशांवर असताना जेवढं वजन तेवढाच जोर पुरतो, आणि त्याच भुजा १० अंशांवर असताना जवळपास साडेपाच पट. म्हणून तर पहिल्या तीन-चार इंचांत मोटर कण्हते आणि मग सुटल्यासारखी पळते. प्रत्यक्षात सिलिंडर तिरका बसवून हे थोडं सावरतात, तरी नवीन लिफ्टचा तो आवाज ऐकून बिघडली म्हणून घाबरू नका.

"पोर्टेबल" हा शब्द जरा हसत हसत वाचा. ती चाकांवर ढकलता येते एवढंच, वजन ३००-४०० किलो किंवा जास्तच. गुळगुळीत कोब्यावर एकट्याने सरकते, उंबरठा आला की चार माणसं लागतात.

प्रश्न: आमच्या गॅरेजात फरशी बसवलेली आहे आणि पाणी जायला दाराकडे थोडा उतार आहे. लिफ्ट बोल्ट न मारता तशीच ठेवली तर चालेल का?

फरशीवर नको. दोन टनाची गाडी आणि लिफ्टचं वजन मिळून सगळा भार चार छोट्या जागांवर येतो, आणि काही मॉडेलमध्ये लिफ्ट वर जाताना खालचे रोलर जमिनीवरूनच सरकतात, म्हणजे भारही सरकतो. फरशीवर नाण्याने टकटक करून बघा, जिथे पोकळ वाजेल तिथे खाली मसाला नाही, ती फरशी फुटणार आणि नेमकी गाडी वर असताना फुटणार. लिफ्टच्या जागेपुरती फरशी काढा.

खालचं काँक्रीट किमान १०० मिमी जाड हवं अशी बऱ्याच कंपन्यांची अट असते, मोठ्या लिफ्टला जास्त. जाडी माहीत नसेल तर कोपऱ्यात एक भोक पाडून तार आत घालून मोजा, अंदाजाने ठरवू नका. नवीन ओतलं तर २८ दिवस थांबा, वरून कडक वाटतं म्हणून आठव्या दिवशी लिफ्ट ठेवू नका. आणि गॅरेजच्या खाली तळघर किंवा टाकी असेल, म्हणजे तो अधांतरी स्लॅब असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच करू नका, इथे माझा सल्ला चालणार नाही.

उताराचं म्हणाल तर लिफ्टखालची जागा लेव्हलमध्येच पाहिजे. लाकडाचे तुकडे सरकवून लेव्हल करायचा जुगाड बघितलाय मी, तिथे उभंसुद्धा राहिलो नाही. बोल्ट मारायचे का ते लिफ्टच्या मॅन्युअलप्रमाणे, तिथे लिहिलेत तर मारायचेच.

प्रश्न: वापरलेली लिफ्ट मिळतेय. विकणारे म्हणतात हायड्रॉलिक एकदम टाइट आहे, लॉक थोडा अडकतो पण त्याची गरज पडत नाही. घेऊ का?

ताई, ज्या माणसाला लॉकची गरज पडत नाही त्याच्याकडून लिफ्ट घेऊ नका.

हायड्रॉलिकचं काम गाडी वर न्यायचं, धरून ठेवायचं काम लोखंडी लॉकचं. वर जाताना टक टक टक आवाज येतो ना तो लॉकचा, पण आवाज आला म्हणजे लॉक लागला असं नाही. हव्या त्या उंचीच्या थोडं वर न्यायचं, मग बटण सोडून खाली उतरवायचं आणि वजन लॉकच्या दातावर बसलं की मगच खाली हात घालायचा. दोन्ही बाजू एकाच दातावर आहेत का ते वाकून बघायचं. तेलाच्या सीलवर गाडी रात्रभर टांगून ठेवली तर सकाळी ती खाली आलेली दिसू शकते, आणि पाइप फुटला तर सकाळचीही वाट बघत नाही. पाइप फुटल्यावर तेल अडवणारा वाल्व्ह सिलिंडरच्या तोंडाशीच आहे का ते विचारा, लांब पंपाजवळ असेल तर मधला पाइप फुटल्यावर तो काय अडवणार.

वापरलेली दुसरी कुठली बघायला गेलात तर गाडी चढवून लॉक न लावता थोडी उचलायला सांगा, खडूने उंचीची खूण करा आणि दोन-तीन तासांनी परत बघा, तोपर्यंत खाली कोणी जायचं नाही. पिनांजवळ भुजा हलवून खडखड होते का, वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ आहे का, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर ओरखडे आहेत का, हे बघा. क्षमतेची पट्टी उखडलेली असेल तर सरळ घरी या. नवीन घेताना कागदावर ईएन १४९३ किंवा एएलसीटीव्ही यातलं काही आहे का बघा, पहिलं युरोपातलं गाड्यांच्या लिफ्टचं स्टँडर्ड, दुसरं उत्तर अमेरिकेतलं.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीला सिझर लिफ्ट चालते?

चालते, पण बॅटरी नेमकी तिथेच असते जिथे लिफ्टचा प्लॅटफॉर्म येतो. वजन फक्त कंपनीने दिलेल्या चार पॉइंटवरच गेलं पाहिजे, म्हणून एवढे उंच रबरी ब्लॉक घ्या की प्लॅटफॉर्म आणि बॅटरीच्या तळामध्ये फट राहील. ते चार पॉइंट लिफ्टच्या लांबीत बसतात का ते आधी मोजा. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती जड असते हेही धरा. कुठलीही गाडी असो, चाकं जमिनीवरून वीतभर सुटली की थांबा, बंपर धरून हलवा, ब्लॉक सरकले नाहीत ना बघा, मग पुढे.

प्रश्न: गाडी वर असताना लाइट गेली तर?

बहुतेक लिफ्टला हाताने खाली सोडायचा वाल्व्ह असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण गाडी लॉकवर बसलेली असेल, आणि ती तशीच असायला हवी, तर लॉक सोडवायला आधी गाडी इंचभर वर उचलावी लागते, आणि त्यालाच तर वीज लागते! काही लिफ्टचे लॉक हवेवर सुटतात, म्हणजे कॉम्प्रेसर पण हवा. म्हणून पॉवर पॅकला, म्हणजे मोटर-पंपाच्या संचाला, हँडपंप आहे का, किंवा जोडता येतो का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. माझ्याकडे नव्हता, तेव्हा गाडी रात्रभर वर आणि मी सकाळी दुसऱ्याच्या स्कूटरवर.