आधी घास, मग दूध

प्रश्न : मुलगी 14 महिन्यांची आहे. सारखी अंगावर पिते, ताट दिसलं की तोंड फिरवते. दूध तोडू का?

उत्तर : नको, तोडू नका. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजता येतं. क्रम तेवढा बदला. जेवणाआधी दीड-दोन तास पाजू नका; आधी जेवण, मग दूध. दिवसात 3-4 जेवणं, मध्ये 1-2 वेळा खाऊ. एका वेळी 250 मिलीच्या वाटीने पाऊण वाटी. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका, पोट भरतं पण ताकद मिळत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट, मऊ खिचडी करा, वर चमचाभर तूप. अंगावरच्या दुधात लोह फार कमी, म्हणून अंडं, डाळी, पालेभाजी हवीच. वर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. घास कोंबू मात्र नका. दोन महिने वजन वाढलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.