मुलाला वेगळं राहायचंय, जाऊ देऊ का?

प्रश्न : आमचा धाकटा मुलगा २९ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा राहत नाही. व्हीलचेअर वापरतो, बोलणं नवख्याला पटकन कळत नाही. बी.कॉम. होऊन घरूनच जीएसटीची कामं करतो. आमची दोघांची साठी उलटली. आमच्या पश्चात सोय असावी म्हणून एक चांगली संस्था बघून ठेवली आहे. तो म्हणतो, तिथे जाणार नाही. पुण्यात भाड्याने घर घेईन, मदतनीस ठेवेन. थोरल्याला हा वेडेपणा वाटतो. ओळखीतल्या एकांनी पालकत्वाचा दाखला, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार, काढून ठेवायला सांगितलंय. काय करावं?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, जाऊ द्या त्याला. आणि तुम्ही दोघं धडधाकट आहात तोवर जाऊ द्या. संस्थेची निवड ‘आमच्यानंतर’साठी केलीत, म्हणजे ज्या वर्षी आईवडील जातील त्याच वर्षी घर, गाव आणि माणसंही एकदम बदलणार. त्यापेक्षा आज चुकतमाकत शिकलेलं बरं.

मलाही सेरेब्रल पाल्सी आहे. आंघोळ, कपडे, संडास सगळ्याला माणूस लागतो, आणि तरी मी कोथरूडला माझ्या घरी राहते. आंघोळ सातला की दहाला, भाजी कुठली, दार कोणाला उघडायचं, हे मी ठरवते. संस्थेत नेमकं हेच जातं. तिथली माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. तीन मावश्यांना चाळीस जणांच्या आंघोळी उरकायच्या, तर रांग पहाटे पाचलाच लागणार.

हे खूळ नवं नाही, थोरल्याला सांगा. पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ काहीच न हलणारा एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. श्वासासाठीचं त्याचं अवजड यंत्र वसतिगृहात ठेवता येईना, म्हणून आवारातल्या रुग्णालयात खोली मिळाली. त्याच्यासारखे आणखी काही जण आले आणि मदतनीस आपणच निवडायचे, आपणच काढायचे, असा शिरस्ता पडला. त्यातूनच १९७२ मध्ये अपंगांनी चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नसावी, मदतनीस मिळावा, यासाठी सरकारने प्रयत्न करावेत असंही त्यात आहे. प्रयत्नच हं! मदतनिसाचा पगार आज तरी आपल्याच खिशातून जातो, आणि घरभाड्याइतकाच तोही आधी मांडून बघायला हवा.

दाखल्याचं मात्र थांबवा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढालाही पालक नेमू शकते, म्हणून जो तो हा सल्ला देतो. पण तुमचा मुलगा लोकांची जीएसटी विवरणपत्रं भरतो! त्याचे हात आखडतात, डोकं नाही. मिळकत बाळगायचा, पैसे सांभाळायचा त्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने मान्य केलाय. त्याच्या वाट्याचं जे असेल ते मृत्युपत्रात त्याच्याच नावाने लिहा. ‘थोरला बघेल’ यावर सोडू नका. थोरला भला असला तरी.

आता घर. तळमजला शोधा, लिफ्ट असली तरी वीज गेली की वरच अडकायला होतं. घरमालकाशी बोलण्याआधी न्हाणीघराचं दार टेपने मोजा. पुण्यातल्या निम्म्या घरांत खुर्ची तिथेच अडते. उंबऱ्याला लाकडी उतार करून मिळतो : एक इंच उंचीला बारा इंच लांबी, त्याहून कमी करणाऱ्या सुताराचं ऐकू नका. गॅसऐवजी इंडक्शन, तेही बसून हात पोचेल अशा टेबलावर.

माणसं दोन ठेवा, सकाळची एक आणि रात्रीची एक. चोवीस तासांचा एकच माणूस स्वस्त पडतो, पण तो गणपतीला गावी गेला की मुलगा अंथरुणातच. तिसरी किल्ली शेजारी. मुलाखत मुलाने घ्यायची, पगारही त्याच्याच खात्यातून जायचा. तुम्ही मदतनिसाला परस्पर फोन करून ‘जेवला का तो?’ विचारायचं नाही. माझी आई हे करायची, आणि बाई मला सोडून तिचं ऐकायला लागल्या होत्या. शेवटी फोन बंद करायला लावले. महिनाभर अबोला होता.

आधी कराडमध्येच करून बघा. तुम्ही दोघं आठवडाभर बहिणीकडे जा, घर आणि मदतनीस त्याच्या हाती सोपवा. काय अडलं ते तोच लिहून काढेल.

पुण्यातला भाडेकरार त्याच्याच नावाने करा. ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट घरी येतो, यंत्रावर अंगठा घेतो. हात आखडलेला असताना ठसा नीट उमटत नाही. वेळ लागेल हे एजंटला आधीच सांगून ठेवा.