लेबर रूमचा चार्ज घे, पण लेखी घे

तुझा प्रश्न मला समजला तो असा: एम.एस. होऊन सरकारी मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक आहेस, मुलगी तीन वर्षांची आहे, आणि डीननी लेबर रूमची, म्हणजे बाळंतपणाच्या कक्षाची, नोडल (प्रमुख जबाबदार) अधिकारी म्हणून तुझं नाव पुढे केलंय. घरचे म्हणतात, ही कारकुनी कशाला, त्यापेक्षा नवऱ्याच्या हॉस्पिटलात बस. युनिटमधले म्हणतात, फायलींत अडकलीस की सर्जरीचा हात जाईल. तुला मात्र विभागप्रमुख व्हायचंय आणि जमलं तर त्याच्याही पुढे जायचंय. वयाने मोठी आहे म्हणून 'तू' म्हणतेय. जिल्हा रुग्णालय आणि नंतर मेडिकल कॉलेज मिळून सगळी नोकरी मी स्त्रीरोग विभागातच केली, विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. माझं उत्तर आहे, घे.

आपल्याकडे बाई डॉक्टरला जबाबदारी मिळत नाही असं अजिबात नाही. गॅदरिंग, होस्टेल, पाहुण्यांची सोय, स्वागताची भाषणं, सगळं आपल्याच गळ्यात. खरेदी समिती, ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) टेबलांचं वाटप, ड्यूटी लावणं, पदं भरणं इथे कोण बसलेलं असतं ते एकदा नीट बघ. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या अहवालात म्हटलं होतं की जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे 70 टक्के स्त्रिया आहेत, पण वरिष्ठ पदांवर जेमतेम 25 टक्के. ही दरी पहिल्या दहा वर्षांत कुणाला कुठलं काम मिळालं यातूनच पडत जाते. लेबर रूमचा चार्ज हे या दुसऱ्या प्रकारचं काम आहे. औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), सिस्टर्सच्या पाळ्या, रेफरलची नोंद, माता मृत्यूचं अन्वेषण, 'लक्ष्य' या लेबर रूमच्या दर्जासाठीच्या सरकारी कार्यक्रमाचं मूल्यांकन, सगळं तुझ्या सहीने जाणार. असा चार्ज या वयात सहसा मिळत नाही.

कारकुनी म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सविस्तर सांगते. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की ऑक्सिटोसिन, मेथर्जिन, कार्बोप्रोस्ट ही गर्भाशय आवळणारी इंजेक्शनं पटापट हाताशी लागतात, आणि ती 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजेत. मी होते अशा एका रुग्णालयात फ्रिज स्टोअरच्या खोलीत होता, किल्ली स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर संध्याकाळी घरी. मग रात्रपाळीची सिस्टर आधीच अँप्युल काढून ट्रेमध्ये ठेवायची, आणि ऐन मे महिन्यात त्या रात्रभर तिथेच असायच्या. इंजेक्शन देऊनही गर्भाशय आवळत नाही म्हणून बोलणी बसायची रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला. त्या विभागात निष्णात सर्जन होते, पण फ्रिज हलवायला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते कुणाचंच काम नव्हतं. चार्ज माझ्याकडे आल्यावर लेबर रूममध्ये छोटा फ्रिज आला, आत थर्मामीटर, दारावर तक्ता आणि दर पाळीला सिस्टरची सही. पीपीएचचा, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा, ट्रे वेगळा केला आणि वापरला की त्याच पाळीत भरायचा असा नियम केला. रक्त किती गेलं हे अंदाजाने लिहिणं बंद केलं, मोजून लिहायला लागलो. मोजण्याने किती फरक पडतो हे पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासातही दिसलं. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: बाईच्या खाली लावलेल्या, मापाच्या खुणा केलेल्या ड्रेपमध्ये (प्लास्टिकच्या पिशवीत) रक्त मोजायचं आणि सगळे प्रथमोपचार एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचे, एवढ्याने तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाले. याला कुणी कारकुनी म्हणत असेल तर म्हणू दे.

आपल्या आधीच्या बायका वर गेल्या त्याही अशाच. डॉ. जेरुशा झिराड बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या, 1919 मध्ये लंडनची एम.डी. घेऊन आल्या आणि 1928 पासून 1947 पर्यंत मुंबईचं कामा हॉस्पिटल त्यांनी सांभाळलं. त्या पदावरच्या त्या पहिल्या भारतीय. पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते मुंबई शहरातल्या माता मृत्यूंच्या कारणांचा त्यांनी तपास केला आणि 1941 मध्ये त्याचा अहवाल निघाला, यात. डॉ. बानू कोयाजी 1944 मध्ये पुण्याच्या केईएममध्ये आल्या तेव्हा ते 40 खाटांचं होतं. त्यांनी ते मोठं केलंच, शिवाय पुण्याजवळच्या वढूला ग्रामीण प्रकल्प उभा केला, गावातल्या माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. आणि डॉ. राणी बंग. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, त्यातल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही समजूत त्याने हलली. एकीचं मोठं हॉस्पिटल, एकीचं छोटं, एकीचा जंगलातला जिल्हा. पण आपल्या भागातल्या बायकांचं नेमकं काय होतंय याचा हिशोब तिघींनी स्वतःच्या हातात घेतला होता, म्हणून धोरण ठरवणाऱ्यांना त्यांचं ऐकावं लागलं.

आता हात जाण्याची भीती. ती खरी आहे, मी खोटा धीर देणार नाही. लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची) लिस्ट सीनियर सर घेतात आणि तुझ्या वाट्याला इमर्जन्सी सिझर येतात, असं तू लिहिलंयस. हे बहुतेक विभागांत चालतं आणि तोंडी विनंतीने सुटत नाही. चार्ज घेतानाच आठवड्यातला एक ओटीचा वार तुझ्या नावाने ऑर्डरमध्ये लिहून घे. त्या दिवशी मीटिंग नाही, व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) नाही. एक शस्त्रक्रिया निवड, योनिमार्गे गर्भाशय काढणं घे किंवा हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयात दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया) घे, आणि त्यात विभागात सगळे तुला हाक मारतील इतकी तयार हो. सगळ्याच गोष्टींत हात राखण्याच्या नादात कशातच नाव होत नाही.

प्रमोशनचंही याच चार्जमधून जुळव. सहयोगी प्राध्यापक व्हायला सहायक म्हणून चार वर्षं, पेपर, आणि बायोमेडिकल रिसर्चचा व वैद्यकीय शिक्षणाचा असे दोन कोर्स लागतात. दोन्ही कोर्स यंदाच उरक. पेपरसाठी लेबर रूमचं रजिस्टर तुझ्याकडे असणारच आहे, फक्त एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे, माहिती जमवून झाल्यावर धावू नकोस.

मुलीबद्दल: राज्य सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा आहे, एकूण 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. ती आजारपणांत किरकोळ उडवू नकोस, दहावीच्या वर्षालाही लागेल. आणि नवऱ्याच्या हॉस्पिटलात जायला माझा विरोध नाही. पण मी अशा कितीतरी हुशार मुली पाहिल्यात ज्या तिथे ओपीडीही बघतात आणि रात्रीची बाळंतपणंही करतात, अन् जागा, कर्ज, बँकेचं खातं सगळं नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या नावावर. कधी गेलीसच तर आधी भागीदारीचा करार कर, मग ॲप्रन चढव.

डीनना भेटशील तेव्हा चार्ज लेखी माग: इंडेंटवर अंतिम सही तुझी, एक डेटा एंट्री ऑपरेटर, ओटीचा वार, आणि माता मृत्यूच्या आढावा बैठकीला भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढीचा माणूस हजर राहील हा उल्लेख. चारांतले तीन मिळाले तरी घे. ऑर्डरची नोंद सेवापुस्तकात झाली का ते स्वतः बघून ये. आणि रुजू झालीस की नवे फॉर्म छापायच्या आधी इन्चार्ज सिस्टरबरोबर गेल्या वर्षाचं रजिस्टर पानापानाने बघ. कुठल्या तालुक्यातून उशिरा रेफर होतं, कुठल्या पाळीत गोंधळ होतो हे तिला सगळं पाठ असतं, आणि ते तिला कधी कुणी विचारलेलं नसतं.