स्टेअरिंग मधेच जड होतं, दिवाळीपर्यंत गाडी चालवू का?

प्रश्न : माझी 2014 ची हॅचबॅक आहे, रोज कासारवडवलीहून महाप्याला जाते. हल्ली चालवता चालवता डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा पिवळा लाइट लागतो आणि स्टेअरिंग एकदम जड होतं, गाडी बंद करून परत चालू केली की ठीक. गॅरेजवाला म्हणतो अख्खा कॉलम (स्टेअरिंगखालचा दांडा आणि मोटरचा भाग) बदला. बाबा म्हणतात आम्ही पॉवर स्टेअरिंगशिवायच गाड्या चालवल्या, काही होत नाही. दिवाळीचा बोनस आला की काम केलं तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही ताई, दिवाळीपर्यंत थांबू नका. बाबांचं चुकलं नाही, पण त्यांच्या वेळच्या गाड्यांचं स्टेअरिंगच तसं असायचं, चाक मोठं, वेढे जास्त, टायर बारीक, त्यामुळे हाताला जोर कमी लागायचा. तुमच्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला इलेक्ट्रिक मोटर मदत करते, आणि गाडी ती मदत धरूनच बनवलेली आहे. मदत गेली तरी चाकं वळतात, कारण मधला दांडा जोडलेलाच असतो, आणि सरळ रस्त्यावर वेगात फारसं जाणवतही नाही. खरी पंचाईत कमी वेगात होते. कापूरबावडीला वळताना किंवा विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दोन्ही बाजूंनी रिक्षा-बाइक असताना अर्ध्या वळणावर मदत गेली तर गाडी जिथे वळायला हवी तिथे वळतच नाही, आणि तुम्ही घाबरून जोर लावता तेवढ्यात मदत परत आली तर ती गरजेपेक्षा जास्त वळते. कायमचं जड स्टेअरिंग परवडलं, निदान हाताला अंदाज असतो, हे येणंजाणं जास्त वाईट.

पण कॉलमचे पैसे देण्याआधी बॅटरी तपासून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. ही मोटर बॅटरीवर चालते आणि उभ्या गाडीत किंवा हळू वळताना सगळ्यात जास्त करंट खेचते, बॅटरी थकलेली असेल, अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल किंवा अर्थच्या वायरला गंज असेल तर सिस्टिम स्वतःच मदत बंद करते आणि रीस्टार्टला परत येते, म्हणजे हुबेहूब तुमच्यासारखं. इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू असताना 13.5 ते 14.5 च्या आसपास दिसायला हवेत. एसी-हेडलाइट लावून, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना कोणालातरी मीटर बघायला सांगा. हे ठीक निघालं की मग गाडीला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड काढायचा आणि तो कागदावर लिहून मागायचा. कोड टॉर्क सेन्सरचा (तुम्ही स्टेअरिंगला किती जोर लावता ते मोजणाऱ्या भागाचा) असेल तर काही गाड्यांमध्ये तेवढंच दुरुस्त होतं, दुसऱ्या गॅरेजला विचारून बघा. टायरमधली हवाही बघा, कमी असली तरी जड लागतं.

(ज्यांची गाडी जुनी, ऑइलवाल्या पॉवर स्टेअरिंगची आहे त्यांनी आधी डबीतलं ऑइल आणि पट्टा बघा. ऑइल कमी असताना तशीच रेटली तर पंपही जातो.)

आणखी एक, दोष माहीत असून अशी गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये गुन्हा आहे.

तोवर ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोली किंवा कोपरखैरणे आणि पुढे रिक्षा. गॅरेजपर्यंत गाडी टो करून न्या. आणि चालत्या गाडीत परत असं झालंच तर चावी अजिबात फिरवू नका, इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदतही जाते, दोन्ही हातांनी घट्ट धरून हळूहळू डावीकडे घ्या, हझार्ड लावा, आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच बंद करा.