मॉडेल फिरवायचं, पण कशासाठी?

गेल्या अंकात मी ऑनलाइन कोर्समधल्या आकृत्यांबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी थ्रीडी मॉडेलबद्दल. पत्रं लांब होती, कामापुरती कापली आहेत. मी मूळची पाठ्यपुस्तकांची चित्रकार. आधी हाडं आणि स्नायू शाईनं काढायचे, पुढे तेच संगणकावर करू लागले आणि मग कोर्स आखायला बसले. त्यामुळे उत्तरांत कुठे चित्रकाराचा हट्ट दिसला, तर तो मी मुद्दामच ठेवला आहे असं समजा.

परिचर्येच्या ऑनलाइन वर्गासाठी आम्ही हृदयाचं थ्रीडी मॉडेल घेतलं. विद्यार्थी खूश आहेत, भोवऱ्यासारखं गरगर फिरवत बसतात. पण चाचणीत चित्र दिलं की डावा निलय, म्हणजे खालचा डावा कप्पा, कोणता हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही. सपाट आकृती होती तेव्हा येत होतं. मॉडेल काढून टाकू का? — शरीररचनाशास्त्राच्या शिक्षिका

काढू नका. पण असं मोकाटही सोडू नका.

सपाट आकृतीत चित्रकारानं एक काम तुमच्या आधीच उरकलेलं असतं. कुठल्या बाजूनं बघायचं, काय वगळायचं, कोणती रेघ जाड करायची हे त्यानं ठरवलेलं असतं. माझा बहुतेक वेळ त्यातच जायचा, रेघा ओढायला फार वेळ लागत नाही. मॉडेल नुसतं पानावर टाकलं की हे ठरवणं विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. आणि तो तर हृदय पहिल्यांदाच बघतोय.

या विषयावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००० सालाच्या आसपास चांगलं काम झालं आहे. जेफ्री नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाच्या हाडांचं मॉडेल घेतलं आणि सगळ्या बाजूंनी फिरवून शिकणं व मोजक्या मुख्य बाजूंवरून शिकणं यांची तुलना केली. सगळीकडून दाखवण्याचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. ज्यांना मनात आकार फिरवणं जड जातं, त्यांना तर त्याचा त्रासच झाला. विद्यार्थ्यांच्या हाती सूत्रं दिली तेव्हा ते बहुतेक वेळ समोरच्या आणि मागच्या बाजूलाच रेंगाळले, तिथेच मॉडेल जरा इकडे, जरा तिकडे हलवत राहिले. मला हे फार पटतं. वर्गात हाडं हातात घेऊन बघणारे विद्यार्थीही असंच करतात.

तुमच्या चाचणीतला गोंधळही याच्याशीच जोडलेला आहे. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये लोकांना दोन आकार दाखवून ते एकच आहेत का असं विचारलं होतं. दोन आकारांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त, अगदी सरळ रेषेत. तुमचा विद्यार्थी घरी हृदय कुठल्या तरी आडव्या-तिरप्या कोनातून बघून झोपतो आणि चाचणीत तुम्ही समोरची बाजू ठेवता. मधलं सगळं फिरवणं त्याला डोक्यात करावं लागतं.

म्हणून आधी बाजू ठरवा. मॉडेल उघडेल ते शरीराच्या सरळ उभ्या स्थितीत, समोरून. फिरवण्याला हद्द घाला. वेबपानावर मॉडेल दाखवणारा गूगलचा मॉडेल-व्ह्यूअर वापरत असाल तर कॅमेरा किती वर, किती खाली, किती जवळ जाऊ द्यायचा हे त्यात ठरवता येतं. हृदय खालून बघायची तुमच्या धड्यात गरज नसेल तर खालून दिसूच नये. ‘मूळ स्थिती’चं बटण ठळक ठेवा. कोपऱ्यात धडाची एक छोटी आकृती ठेवा, मॉडेलबरोबर फिरणारी, कारण हृदय पाठीकडून बघायला लागलं की डावं-उजवं पडद्यावर उलटतं आणि घोळ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

त्याहून महत्त्वाचा आहे प्रश्न. फिरवल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असा प्रश्न हवा. समोरून बघताना हृदयाचा बराचसा भाग उजव्या निलयाचा दिसतो. डावा निलय कडेला आणि टोकाशी थोडासा डोकावतो, आणि डावं अलिंद, म्हणजे वरचा डावा कप्पा, जवळजवळ सगळं मागे दडलेलं असतं. तेव्हा विचारा, ‘समोरून कोणता कप्पा दिसतच नाही म्हणावं लागेल? तो शोधा, आणि त्यात किती शिरा उघडतात ते मोजा.’ विद्यार्थी मॉडेल मागे वळवतो, फुप्फुसांकडून येणाऱ्या साधारण चार शिरा त्याला सापडतात. हे सपाट चित्रानं होत नाही. तुमच्या मॉडेलनं इथे आपलं काम केलं.

उलट डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा साधारण तिप्पट जाड असते, हे शिकवायचं असेल तर मॉडेल दिवसभर फिरवा, बाहेरून काही कळणार नाही. तिथे आडवा छेद हवा. आणि छेद एकदा घेतला की तो सपाट चित्र म्हणूनच जास्त स्वच्छ दिसतो, त्याला फिरवायची सोय कशाला?

चाचणीत मात्र एक बदल करा. समोरची बाजू ठेवाच, पण तिच्या जोडीला थोडी वळवलेली एक बाजूही द्या. ज्यांनी फक्त पाठ केलं आहे ते लगेच कळतात.

खडक आणि जीवाश्मांचे नमुने मी स्वतः फोटो काढून थ्रीडी केले. लॅपटॉपवर सुरेख दिसतात. मोबाइलवर पान मध्येच आपोआप पुन्हा लोड होतं. कोणीतरी ड्रॅको वापरायला सांगितलं, फाइल खूप लहान झाली, तरी तक्रार तीच. — भूशास्त्राचे अध्यापक

ड्रॅको फक्त जाळी लहान करतं, म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा, आणि तोही प्रवासापुरता. मोबाइलवर पोचल्यावर सगळं पुन्हा उलगडतं. तुमचं पान कोसळतं ते बहुधा टेक्स्चरमुळे, म्हणजे त्या सांगाड्यावर चढवलेल्या फोटोमुळे.

हिशोब करून बघा. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर, दर पिक्सेलला ४ बाइट. झाले ६४ एमबी. जेपेगमध्ये ती फाइल २ एमबीची असली तरी ग्राफिक्स चिपच्या मेमरीत ती ६४ एमबीच होते, आणि लांबून बघण्यासाठी ज्या लहान प्रती बनतात त्यांचा आणखी एक तृतीयांश. रंगाचं एक, उंचसखलपणाचं एक, खडबडीतपणाचं एक अशी तीन टेक्स्चरं असतील तर एका दगडासाठी २५० एमबीच्या वर. पानावर असे पाच दगड असतील तर साधा फोन काय करणार!

बाजू निम्मी केली की मेमरी चौथाईवर येते, ६४ ची १६. मोबाइलच्या पडद्यावर तळहाताएवढ्या दिसणाऱ्या दगडाला २०४८ पुष्कळ, खडबडीतपणाच्या टेक्स्चरला १०२४ सुद्धा चालतं. केटीएक्स२ स्वरूपातली टेक्स्चरं मेमरीतही दाबलेलीच राहतात, ते जमत असेल तर जरूर करा. फोटोंवरून तयार झालेल्या जाळीत लाखो त्रिकोण असतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं डेसिमेट वापरून ते कमी करा, पण मूळ जाळी जपून ठेवा आणि तिच्यातल्या बारीक खाचाखोचा नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाच्या टेक्स्चरमध्ये, उतरवून घ्या, नाहीतर तुमच्या जीवाश्माच्या बरगड्या साबणासारख्या गुळगुळीत होतील. शेवटी सगळं एका जीएलबी फाइलमध्ये बांधा. ते जीएलटीएफ या थ्रीडी स्वरूपाचंच एका फाइलमधलं रूप. ग्राफिक्सची मानकं ठरवणाऱ्या क्रोनोस समूहाचं हे स्वरूप २०२२ पासून आयएसओ मानकही आहे, त्यामुळे आजची फाइल उद्या कोणी उघडणार नाही ही भीती कमी.

आणि पान उघडल्याबरोबर मॉडेल लोड करू नका. आधी साधं चित्र ठेवा, त्यावर टिचकी मारली की मॉडेल यावं. एका वेळी एकच दगड.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. फोटोंवरून केलेल्या मॉडेलला स्वतःचं माप नसतं. तुमचा दगड नखाएवढा आहे की डोक्याएवढा, हे संगणकाला कळायला काही मार्ग नाही, आणि विद्यार्थ्यालाही नाही. फोटो काढतानाच शेजारी मोजपट्टी ठेवा आणि त्यावरून माप बसवा. अभ्रक, स्फटिक असे चकचकीत किंवा पारदर्शक नमुने या पद्धतीला दाद देत नाहीत. चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदूच सापडत नाहीत. त्यांचे चांगले फोटो द्या, मॉडेलचा हट्ट सोडा.

माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीचा हात थरथरतो, माउस धरून ओढणं तिला जमत नाही. एकाला दिसत नाही. त्यांच्यासाठी मॉडेल असलेला धडा वेगळा करावा का? — विशेष शिक्षिका

वेगळा धडा नको. वेगळा धडा नंतर कोणी सुधारत नाही, तो मागे पडत जातो.

ओढण्याला पर्याय देणं ही आता मेहेरबानी राहिलेली नाही. वेब सुलभतेच्या नियमावलीच्या २.२ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हा निकष आला आहे. जे ओढून होतं ते नुसत्या टिचकीनंही झालं पाहिजे. मॉडेलखाली चार-पाच बटणं द्या: समोर, मागे, डावीकडून, वरून, मूळ स्थिती. वरच्या उत्तरातल्या हृदयाच्या ठरलेल्या बाजू आठवल्या? त्याच इथे बटणं होतात. थरथरत्या हाताची विद्यार्थिनी ती वापरेल आणि मला खात्री आहे, बाकीचा वर्गही तीच वापरेल. कळपट्टीच्या बाणांनीही मॉडेल फिरतंय का ते माउस बाजूला ठेवून तपासा. मॉडेल आपोआप फिरत ठेवलं असेल तर ते बंद करा. आपणहून सुरू होणारी हालचाल ५ सेकंदांपेक्षा जास्त चालली तर थांबवायची सोय द्यावीच लागते, आणि तसंही एकीकडे मजकूर वाचताना शेजारी काहीतरी फिरत राहणं कुणालाच मानवत नाही.

दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ‘पंपाचं थ्रीडी मॉडेल’ असं लिहून सुटू नका. मॉडेलला जो प्रश्न जोडला आहे त्याच्या उत्तराला लागेल तेवढं वर्णन लिहा: काय कशाच्या मागे, काय कशाला जोडलेलं, कोणत्या दिशेनं जाणारं. हे लिहायला बसल्यावर दोन ओळींत काहीच सुचत नसेल, तर ते मॉडेल तिथे का आहे हा प्रश्न स्वतःला विचारा. आणि शक्य असेल तिथे तीच फाइल थ्रीडी प्रिंटरवर छापून त्याच्या हातात द्या. बोटांनी चाचपून त्याला जे कळेल ते माझ्या वर्णनातून कधीच कळणार नाही.

रसायनशास्त्रात रेणूंची मॉडेलं द्यावीत का? गोळ्या-काड्यांचा संच जास्त बरा, असं जुने शिक्षक म्हणतात. — रसायनशास्त्राचे शिक्षक

संच हाताशी असेल तर जुन्या शिक्षकांचं ऐका. नसेल तर पडद्यावरचं मॉडेल द्या, आणि या विषयात न कचरता द्या. रसायनशास्त्राला तिसऱ्या मितीची गरज सिद्ध करावी लागत नाही. रसायनशास्त्रज्ञ हॉफमननं १८६५ मध्ये लंडनच्या व्याख्यानात क्रोकेचे चेंडू आणि काड्या वापरून रेणू दाखवले, पण सगळे सपाट. १८७४ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफनं कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या, टोकांकडे वळवले आणि ते लोकांना दिसावं म्हणून स्वतः कागदाचे चतुष्फलक केले.

तुम्ही लॅक्टिक आम्लाचे दोन आरसारूपी रेणू शेजारी-शेजारी ठेवा, दोन्ही स्वतंत्र फिरतील असे. सांगा, एकावर एक तंतोतंत बसवून दाखवा. विद्यार्थी झगडेल, दोन गट जुळवेल, उरलेले दोन उलटे पडतील. आधी उत्तर सांगू नका. मिथेन किंवा पाण्यासाठी मात्र हा खटाटोप नको, त्याला फळ्यावरची आकृती पुरते.

मोफत मॉडेलं कुठून घ्यावीत? आमचा कोर्स सशुल्क आहे. — एक वाचक

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेनं फेब्रुवारी २०२० पासून आपल्या संग्रहातल्या बऱ्याच वस्तू, थ्रीडी मॉडेलांसह, सीसी-झीरोखाली, म्हणजे कसलीही अट न घालता, खुल्या केल्या आहेत. त्या कशालाही वापरा. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचा थ्रीडी संग्रह बघा, अवकाशयानं आणि अवकाशासाठी नासाचा. प्रत्येक मॉडेलखालची परवान्याची ओळ वेगळी वाचा, एकाच संग्रहात निरनिराळे परवाने असतात.

डाउनलोडचं बटण दिसलं म्हणजे वापरायची मुभा मिळाली असं नाही. परवान्यात ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नाही) असेल तर सशुल्क कोर्समध्ये ते मॉडेल नको. ‘एनडी’ (बदल नाही) असेल तर बदललेली प्रत वाटता येत नाही. म्हणजे हृदयाचा छेद घेऊन किंवा त्रिकोण कमी करून ते कोर्समध्ये टाकायचं असेल, तर आधी कर्त्याची लेखी परवानगी घ्या.