आपले प्रश्न : सावळ्या हातावर कोणता टॅटू खुलेल?

प्रश्न : माझा वर्ण सावळा आहे. मनगटावर लाल-पिवळ्या रंगातले जास्वंदीचे फूल गोंदवून घ्यावे, असे मनात आहे. पण सावळ्या हातावर रंग उठत नाहीत, असे मैत्रीण म्हणते. हे खरे आहे का?
(एक वाचिका, जुळे सोलापूर)

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे निम्मे खरे आहे. टॅटूची शाई त्वचेच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलवर सोडली जाते आणि वर्ण देणारे मेलॅनिन मात्र वरच्या थरात असते. त्यामुळे प्रत्येक रंग आपल्याला त्या मेलॅनिनच्या आडूनच दिसतो. पिवळा, पांढरा, आकाशी हे फिके रंग त्यात हरवतात. काळा, गडद निळा, गडद लाल टिकून दिसतात. जुन्या बायकांच्या हातावरचे हिरवट गोंदणही मुळात बहुधा काळेच असते. तेव्हा फूल अवश्य काढावे, पण गडद लाल रंगात, काळ्या आणि जरा जाड रेघेने, कारण वर्षे सरतात तशी शाई थोडी पसरते व बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. मात्र ॲलर्जीच्या तक्रारी सर्वाधिक लाल रंगाच्याच असतात, आणि खाज किंवा सूज कित्येक महिन्यांनीही उद्भवू शकते. आधी लहानसा ठिपका काढून काही आठवडे वाट पाहावी. त्याने पूर्ण हमी मिळत नाही, तरी अंदाज येतो. शिवाय मनगट उघडेच राहते आणि सोलापूरचे एप्रिल-मेचे ऊन रंग उडवते, म्हणून जखम भरेपर्यंत पूर्ण बाही व नंतर सनस्क्रीन वापरावे.

प्रश्न : कितपत दुखते? बधिर करणारे मलम चालेल का?
(एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : दंडाच्या बाहेरच्या बाजूला सोसवते, बरगड्या, घोटा, मनगटाची आतली बाजू येथे जास्त दुखते. लिडोकेनचे मलम डॉक्टरांना विचारूनच आणि थोड्याच भागावर लावावे. मोठ्या भागावर थापून वर प्लॅस्टिक गुंडाळल्यास औषध रक्तात जाऊन अपाय होऊ शकतो.

प्रश्न : मुलगा गड्ड्याच्या यात्रेत गोंदवून घ्यायचे म्हणतो. सैन्यभरतीचीही त्याची तयारी चालू आहे. काही धोका आहे का?
(एक पालक, अक्कलकोट रोड)

उत्तर : सुई एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात आणि शाई सगळ्यांना एकाच वाटीतली, असे असेल तर तेथून उठावे, मग ती यात्रा असो वा झगमगीत दुकान. अशा सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. यांपैकी लस फक्त बीची आहे. ती घेतलेली नसल्यास आधी घ्यावी. सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे, आपल्यापुरती शाई लहान टोपणात ओतून घ्यावी आणि उरलेली पुन्हा बाटलीत जात नाही ना, हे पाहावे. यात संकोच कसला? मधुमेह असेल किंवा जखमेचे वण फुगून जाड होत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कायमस्वरूपी टॅटू साधारणपणे हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट एवढ्या भागात, किंवा पंजाच्या मागच्या बाजूला असेल तरच चालतो. पारंपरिक गोंदणाबाबत आदिवासी उमेदवारांना सवलत आहे. दंडावर किंवा मानेवर काढून घेण्याआधी त्याने जाहिरातीतील नियम वाचावेत, कारण लेझरने काळी शाई बऱ्यापैकी निघते, पण हिरवी-पिवळी चिवट असते आणि खर्च टॅटूच्या कितीतरी पट होतो. तो रक्तदान करत असेल, तर टॅटूनंतर वर्षभर त्याला रक्त देता येणार नाही, हेही त्याला सांगावे.