मैत्रिणींसोबत सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला: तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजच्या चार मैत्रिणी, आता सगळ्या चाळिशीतल्या, ऑगस्टमध्ये सिंगापूरला चाललोय. एक दिवस युनिव्हर्सलचा ठेवलाय. दोघींना सगळ्या मोठ्या राइड्स करायच्यात, एकीला जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा गरगरतं आणि एकीची पाठ दुखते. एक्सप्रेस पास (जादा पैसे देऊन छोट्या रांगेतून जायचा) चौघींनी घ्यायचा की नाही यावरून ग्रुपवर आत्ताच वाजलंय. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळ्यात आधी, दिवसभर चौघींनी एकत्रच राहायचं हा हट्ट सोडा. ज्यांना भीती वाटते त्यांना "अगं काही होत नाही, चल" म्हणत ओढायचं नाही आणि ज्यांना हौस आहे त्यांनी बाकीच्यांसाठी मन मारायचं नाही, नाहीतर संध्याकाळी हॉटेलवर चौघींची तोंडं चार दिशेला होतात. हा पार्क तसा आटोपशीर आहे, मधे तळं आणि भोवती सगळे झोन, त्यामुळे वेगळं झालात तरी दहा-पंधरा मिनिटांत परत भेटता येतं. भेटायची जागा आणि वेळ मात्र सकाळीच ठरवा, नेट चालेलच यावर विसंबू नका.

आता पास. तो चौघींनी घ्यायलाच हवा असं अजिबात नाही. एंट्रीचं तिकीटच ८० सिंगापूर डॉलरच्या वर जातं, एक्सप्रेसचे पैसे वेगळे आणि गर्दीच्या तारखेला ते आणखी वाढतात, मग जी मोठ्या राइडमध्ये बसणारच नाही तिने कशाला भरायचे? हौस असलेल्या दोघींसाठीही मी आधी सिंगल रायडरची रांग बघा म्हणेन. ट्रान्सफॉर्मर्स, ममी, बॅटलस्टार अशा राइड्सना ही रांग असते, रिकाम्या राहिलेल्या एकेक सीटवर बसवतात म्हणून नंबर बहुतेक लवकर लागतो, फक्त शेजारी मैत्रीण नसते आणि त्या दिवशी ती रांग चालू आहे का ते तिथेच विचारावं लागतं. एवढं करून शक्यतो मंगळवार ते गुरुवार जा आणि ९ ऑगस्ट टाळा, तो त्यांचा राष्ट्रीय दिन, सुट्टी असते. मग पासशिवाय निभावेल असं मला वाटतं.

बॅटलस्टार म्हणजे शेजारी शेजारी दोन रोलर कोस्टर, उंची साधारण ४२ मीटर. लाल रुळांवरच्या ह्यूमनमध्ये नेहमीसारखं बसायचं, निळ्या सायलॉनमध्ये पाय खाली लोंबकळतात आणि तो उलटापालटाही करतो. हिंमत अर्धीच असेल तर आधी लाल. ओढणी, केसांचा क्लच, चष्मा, मोबाइल सगळं बाहेर लॉकरमध्ये, तिथे ठराविक वेळ फुकट असतो आणि मग पैसे लागतात, त्यामुळे सामान आत टाकून फोटो काढत बसू नका. खरं तर ज्या मैत्रिणी खाली थांबणार आहेत त्यांच्याकडेच द्या, मोकळ्या व्हाल.

गरगरतं तिने ट्रान्सफॉर्मर्स टाळलेलं बरं. ती उंच जात नाही म्हणून सोपी वाटते, पण स्क्रीन आणि हलणारी गाडी दोन्ही मिळून डोकं फिरवते. पाठ दुखते तिने राइडबाहेरचे बोर्ड वाचायचे, पाठ, मान, हृदय, सगळं लिहिलेलं असतं, आणि पाण्यातली ज्युरासिक पार्कचीही सोडायची, शेवटी जोरात खाली येते. या दोघींना कंटाळा येईल असं समजू नका हं, वॉटरवर्ल्डचा लाइव्ह शो आहे (पुढच्या रांगा भिजतात, वेळा सकाळीच पार्कच्या ॲपवर बघून ठेवा), स्पीलबर्गचा लाइट्स कॅमेरा ॲक्शन आहे, त्यात न्यूयॉर्कवर वादळ आदळताना दाखवतात, आणि सेसमी स्ट्रीटची हळू चालणारी राइड आहे. वॉटरवर्ल्डला चौघी एकत्र बसा.

प्रश्न : ऐन वेळी पाऊस आला तर पैसे वाया जातात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाऊस तिथे कधीही येतो, दुपारी तर विजांसकट, आणि विजा असल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. मग सगळी गर्दी ममी आणि ट्रान्सफॉर्मर्सच्या छताखाली घुसते आणि तिथली रांग वाढते. म्हणून गेट उघडल्या उघडल्या बॅटलस्टार गाठा, आतल्या राइड्स दुपारसाठी ठेवा. लोक गेटमधून शिरल्यावर हॉलिवूड झोनमध्येच तासभर फोटो काढत बसतात, तो झोन वरून झाकलेला आहे, फोटो भर पावसातही निघतील. मिनियन लँड हा नवा झोन २०२५ मध्ये सुरू झालाय त्यामुळे तिकडेही झुंबड असते, पण मोठ्यांच्या ग्रुपने सकाळची वेळ तिथे घालवू नये हे माझं स्पष्ट मत. सरी बहुतेक वेळा लवकर ओसरतात, वैतागून लगेच बाहेर पडू नका.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. आत काय मिळेल? आणि जायचं कसं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इजिप्तच्या झोनमध्ये ओएसिस स्पाइस कॅफे आहे, भारतीय पदार्थ मिळतात, ऑर्डर देताना शाकाहारी काय ते विचारून घ्या. बाहेरचं खाणं आत चालत नाही, त्यामुळे ठेपले-चिवडा बॅगेत भरून नेऊ नका, सकाळी पोटभर खाऊन निघा आणि जेवायला साडेअकरालाच बसा. रात्री मात्र लिटल इंडियात, म्हणजे शहरातल्या भारतीय वस्तीत जा, सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल, दिवसभर तंगडतोड झाल्यावर तिथला गरम डोसा फार बरा वाटतो.

जायचं म्हणजे मेट्रोने हार्बरफ्रंट, वर व्हिवोसिटी मॉल, त्याच्या तिसऱ्या लेव्हलवरून सेंटोसा एक्सप्रेस ही ट्रेन, पार्क सेंटोसा बेटावर आहे, उतरायचं रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनला. जाताना ४ डॉलर, येताना काही नाही. चालायची तयारी असेल तर मॉलजवळून बोर्डवॉक आहे, तोही फुकट. मेट्रोत आपलं टॅप होणारं बँक कार्ड चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे प्रत्येकीने आपापलं कार्ड ठेवा आणि परदेशातला वापर ॲपमधून निघायच्या आधीच चालू करून घ्या. परतताना हार्बरफ्रंटवरून जांभळी लाइन पकडा, ती सरळ लिटल इंडियालाच जाते.